आत्याबाईंची दुर्बीण

आत्याबाईंना घास उतरत नाही हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, कारण भाकरी मी करत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. दारव्ह्याच्या अलीकडच्या एका खेड्यात आमचं घर, घराला लागून गोठा, आणि नाल्यापलीकडे कापूस-तुरीचं वावर. सासरे कधीचेच वारले होते. घरात आत्याबाई, माझा नवरा, मी आणि आमच्या दोन मुली. नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, पुसदला शाळेत मास्तर होते आणि बिऱ्हाड घेऊन तिकडेच राहत.

आत्याबाई खाण्याच्या बाबतीत कडक. भाकर जरा पातळ झाली तर "हे काय पापड केला वं?" म्हणून ताटातून उचलून मलाच दाखवायच्या. ज्वारीची जाड भाकर, मिरचीचा ठेचा, वरून कच्च्या तेलाची धार, आणि दात सगळे शाबूत. त्या वर्षी दिवाळी झाली, कापसाची वेचणी लागली आणि एक दिवस त्या चुलीजवळ येऊन म्हणाल्या, "उद्यापासून माही भाकर जराशी पातळ थाप."

मी थापली. काही दिवसांनी त्या ती पातळ भाकरही वरणात कुस्करू लागल्या. मग आमची सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर भिंतीकडे तोंड करून एकट्याच जेवायला बसू लागल्या. एकदा मी भांडी घ्यायला मागून गेले, तर त्यांनी घास तोंडात घातलेला, छातीवर मूठ दाबलेली आणि मान वर करून डोळे मिटलेले. पाण्याचा घोट घेतला तर तोही लवकर खाली गेला नाही. ओठाच्या कडेनं थोडा बाहेर आला. त्यांनी तो पदरानं पुसला.

"काय झालं जी?" मी विचारलं.

"काई नाई. ठसका लागला."

ठसका लागलाच नव्हता. मी तिथंच उभी होते.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालं आता तिचं." तो वाईट माणूस नव्हता. त्याचं सगळं ध्यान वावरात होतं. बोंडं धड फुटत नव्हती, निम्म्या बोंडांत अळी निघत होती. घरी आणून बायका-पोरी ती बोंडं फोडत बसायच्या आणि आतून पिवळा, कडक कापूस काढायच्या, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. त्या वर्षांत सगळ्या गावाचंच ध्यान तिकडे होतं. माणसं दुखणं अंगावर काढायची. वेचणी झाली की पाहू, कापूस विकला की पाहू.

शेजारच्या बाईनं तुपात ओवा द्यायला सांगितलं. तो दिला. कोणी म्हणालं नजर आहे, ती काढली. आत्याबाईंचं लुगडं मात्र कमरेला सैल होत चाललं होतं. निऱ्या खोचताना त्या एक वळसा जास्त घेत होत्या. एके दिवशी वावरात वेचताना त्या वाकल्या आणि उठताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसूनच राहिल्या, तेव्हा कुठे नवऱ्यानं दारव्ह्याला न्यायचं ठरवलं.

दारव्ह्याच्या डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या तरी फरक पडला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बराच वेळ विचारपूस केली. कधीपासून, काय अडकतं, पाणी अडकतं का, वजन किती घटलं. मग म्हणाले, "आजी, यवतमाळला जाऊन दुर्बिणीनं बघावं लागेल. अन्ननलिकेत काही आहे का ते त्याशिवाय कळणार नाही. उशीर करू नका."

"पाहू द्या ना मंग," आत्याबाई लगेच म्हणाल्या. डोळ्याच्या दवाखान्यात यंत्राला डोळा लावून बघतात, तसं कोणी बाहेरून छातीला यंत्र लावून बघेल असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

परतीच्या जीपमध्ये आमच्या समोर एक बाई बसली होती. कुठे गेलता, काय झालं, अशी विचारपूस झाली. दुर्बिणीचं नाव काढताच ती म्हणाली, "माह्या दिराची केली ना. तोंडातून नळी टाकतात, पार पोटापावतर. नळीच्या टोकाले कॅमेरा रायते."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग गाव येईपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या. घरी येऊन पाय धुतले, आणि पाय पुसता पुसताच नवऱ्याला म्हणाल्या, "मले नाई करायची दुर्बीण. नळी नोको."

"काहून? आत्ताच तं हो म्हनलं तू," नवरा म्हणाला.

"नाई म्हनलं ना."

मला वाटलं, भीती आहे, जाईल. पण ती साधी भीती नव्हती. त्या वर्षांत आमच्या भागात नळी म्हटलं की एकच अर्थ होता. कोणाच्या घरून घाईघाईनं जीप दवाखान्याकडे निघाली की पारावरची माणसं काय झालं असं विचारतच नव्हती. विचारायची, "पेला का?" पिकावरचं औषध प्यालेल्या माणसाच्या तोंडातून नळी टाकून पोट धुतात, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. नळी टाकलेलं माणूस घरी आलं तरी लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायचे, आणि नाही आलं तर बोलायचंच काही उरायचं नाही.

एका दुपारी आम्ही दोघी अंगणात कवडी काढत बसलो होतो. मुली शाळेत होत्या. मी विषय काढला. म्हटलं, "आत्याबाई, ही नळी येगळी असते म्हने. नुसतं पाह्यची."

त्या बोंडाची पाकळी सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहा लहाना भाऊ तुले मालूम आहे ना कसा मेला?"

मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मारेगावकडे त्यांचं माहेर. नवऱ्याचे मामा औषध पिऊन गेले, हे मला लग्नाआधीच कोणीतरी सांगितलं होतं.

"त्यानं नोतं पेलं," त्या म्हणाल्या.

मी हातातलं बोंड खाली ठेवलं.

"फवारून राह्यला होता. मी तवा माहेरीच गेलती. सकाळपासून पंप पाठीवर, अन् हवा सुटली. सारं त्याच्याच अंगावर उडालं. दुपारी आला तं चालता येईना. तोंडातून लाळ. आम्ही उचलून दवाखान्यात नेला. कपड्याले औषधीचा वास. त्याहीनं इचारलं, किती पेला? हा मुंडी हालवे, नाई म्हने. बोलता येत नोतं ना त्याले. डॉक्टर म्हने टाइम नाई, धरा याले. दोघांनी खांदे धरले. म्या पाय धरले."

त्या थांबल्या.

"नळी तोंडात होती अन् तो माह्याकडं पाहून राह्यला होता. मुंडी हालवत होता. मी तरी बी पाय धरूनच होती. डॉक्टरचा दोष नाई, पोरी. रोजचे तसेच लोक येत होते त्याच्याकडं. तो तरी काय करन?" त्यांनी सोललेला कापूस टोपलीत टाकला. "संध्याकाळी गेला. मंग पेलाच म्हनले सारे. म्या सांगतलं तं लोक म्हनत, बहीन हाय, तशीच म्हननार."

एवढं बोलून त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. आता त्यांना काय म्हणून समजवायचं, हे मला सुचेना. आणि न समजवावं, तर त्यांचं खाणं रोज कमी कमी होत होतं. सकाळी ताकातल्या पातळ कण्या, संध्याकाळी वरणाचं नुसतं पाणी.

भासरे पुसदहून आले. मीच नवऱ्याच्या मागे लागून त्यांना निरोप धाडला होता. दोघे भाऊ ओसरीवर खाटेवर बसले आणि मी आत, दाराच्या मागे. भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हे वळण मी माहेरूनच घेऊन आले होते. इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. चहासुद्धा मुलीच्या हाती पाठवायची.

"डॉक्टर म्हनते तं करून घ्याले पायजे," भासरे म्हणाले.

"माय नाई म्हनते ना," नवरा म्हणाला. "जबरदस्तीनं नेऊ का?"

"मंग तूच समजाव. तुह्याजवळ रायते."

"तू मोठा आहेस. तुहं ऐकन."

"माहं कधी ऐकलं तिनं?"

असं बराच वेळ चाललं. एक जण दोर सोडायचा, दुसरा पकडायचा नाही. दोघंही आईवर जीव असलेले, आणि दोघांनाही वाटत होतं की ठरवायचं काम दुसऱ्यानं करावं. उद्या काही बरंवाईट झालं तर आपण ठरवलं असं व्हायला नको. मला सगळं ऐकू येत होतं, आणि जे मला ठाऊक होतं ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. दाराआडूनच मी बोलले, "मामांनी औषध नव्हतं पेलं. फवारणीनं झालं होतं. आत्याबाईंनी त्यांचे पाय धरले होते नळी टाकताना. म्हनून त्या नाई म्हनतात. डॉक्टरले हे सांगा, ते नीट समजावतील."

ओसरीवर खाट करकरली. मग भासऱ्यांनी भावाला विचारलं, "काय म्हनते तुही बायको?" त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. तरी नवऱ्यानं सगळं पुन्हा सांगितलं.

"मामानं पेलं नोतं?" भासरे म्हणाले.

मग दोघे मामाचंच बोलत बसले. मामा कसा होता, त्याच्या मातीला कोण कोण आलं होतं, मामी तेव्हा काय म्हणाली. दुर्बिणीचं राहूनच गेलं. पुसदची जीप धरायची वेळ झाली, तेव्हा भासरे चपला घालत म्हणाले, "वेचनी होऊ दे, मंग पाहू." नवरा बरं म्हणाला. दाराआड उभी असलेली मी त्यावर काय म्हणणार? एकदा बोलून झालं होतं, आणि त्याचं हे असं झालं होतं.

आत्याबाई मागच्या अंगणात होत्या. त्यांनीही माझा आवाज ऐकला असणार. मला वाटलं रागावतील. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "ऐकलं ना पोरांनी?"

"हो जी."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि दिवाबत्ती करायला गेल्या.

पुढे काही दिवसांनी एका सकाळी मी तव्यावर भाकर टाकली आणि त्या चुलीजवळ येऊन बसल्या. भाकर फुगली. त्यांनी ती हातात घेतली, फोडली, वाफेचा वास घेतला आणि परत टोपल्यात ठेवली. म्हणाल्या, "चाल यवतमाळले. पाह्यू दे काय पाह्यचं ते. पन एक सांगून ठेव त्याईले. कोनी माहे हातपाय धरू नये."

त्यांचं मन कशानं वळलं, ते मला आजही सांगता येत नाही. पोरांना मामाचं खरं कळलं म्हणून, की त्या वाफेनं, की आता पाणीही अडू लागलं होतं म्हणून. मी विचारलं नाही. त्यांनी मन बदलू नये एवढीच धास्ती होती.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर माणसं दाटीनं बसली होती. आदल्या संध्याकाळपासून आत्याबाईंच्या पोटात काही नव्हतं. तसं ते कधीपासूनच नव्हतं. नंबर आला तेव्हा नवरा उठला, पण त्या म्हणाल्या, "तू थांब. सून येईन माह्यासंगं."

डॉक्टर तरुण होते. मी पदर सावरून त्यांना आत्याबाईंची अट सांगितली, आणि अडखळत अडखळत मामांचंही सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. मग आत्याबाईंच्या जवळ स्टूल ओढून बसले. म्हणाले, "आजी, कोणी धरणार नाही. पण मध्येच तुम्ही हातानं नळी ओढली तर आतून लागेल. तेवढं जमेल?"

"जमन," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांच्या घशात कडू औषधाचा फवारा मारला. त्यांनी तोंड वाकडं केलं. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये एक प्लास्टिकचं कडं दिलं. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात आपल्याच पदरात गुंडाळले आणि छातीशी घट्ट धरले. मी पायाशी उभी होते. माझ्या हातांचं काय करावं ते मला कळेना. मी ते पाठीमागे घेतले.

काळी नळी आत गेली तसं त्यांचं सगळं अंग उसळलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. नर्सचा हात सवयीनं त्यांच्या डोक्याकडे गेला, डॉक्टरांनी मानेनंच नको म्हटलं आणि तिनं तो मागे घेतला. आत्याबाईंनी हात सोडले नाहीत. पदरात त्यांच्या बोटांची हालचाल दिसत होती. पायाची बोटं आखडून आली होती, आणि मला ते पाय दाबावेसे वाटत होते. नुसता हात ठेवावा, तेवढंही चाललं नसतं.

फार वेळ लागला नाही. नळी पुढे जातच नव्हती, म्हणूनच लागला नाही, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला आत बोलावलं. अन्ननलिकेत गाठ होती. दुर्बीण तिच्यापलीकडे जाईना. तुकडा तपासायला घेतला होता, पण त्यांच्या बोलण्यावरून तो तपासून काय येणार ते आम्हाला तिथंच समजलं. तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी भासरेही आले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी रिपोर्टाची घडी खिशात घातली. म्हणाले, "मायले सांगू नका कोनी." नवरा हो म्हणाला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला विचारलं. दोघा पोरांना विचारलं नाही, मला विचारलं. "काय दिसलं वं?"

"सूज हाय म्हनले," मी म्हटलं.

"सूज." त्यांनी तो शब्द एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. "मोठी हाय?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. इतका आटापिटा करून आत काय आहे ते पाहिलं, आणि जिच्या पोटात पाहिलं तिलाच ते सांगायची मला मुभा नव्हती.

नागपूरला नेलं. तिथे गाठीला किरणांचा शेक द्यायचं बोलणं झालं, पण अंगात ताकद नाही, सोसणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीनंच वाट जराशी रुंद करून देतो, म्हणजे पातळ तरी जाईल, असं त्यांनी सुचवलं. पुन्हा दोघा भावांची तीच कुजबूज, करायचं की नाही. या वेळी आत्याबाईंनीच सांगितलं, "करा." त्यांनी कुठली अट घातली नाही. भासऱ्यांनी धीर करून डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." भासऱ्यांनी ते मला सांगितलं. थेट मला, नवऱ्याला मध्ये न घेता. ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी नुसतं हं म्हटलं.

वाट रुंद केल्यानंतर काही दिवस कण्या गेल्या, दूध गेलं, एकदा तर आंब्याच्या लोणच्याचा खार त्यांनी बोटानं चाटला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मुली हसल्या. मग ती वाट पुन्हा बंद व्हायला लागली. या वेळी नागपूरचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनीही नाही.

वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. घरात शेवटच्या वेच्याचा कापूस पडून होता. नवरा तो बैलगाडीत भरून दारव्ह्याला गेला. खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागलेली, आज नंबर लागेल, उद्या लागेल असं चाललेलं. आत्याबाईंनीच त्याला जा म्हटलं होतं. मी त्यांच्या उशाशी बसून चमच्यानं ताक देत होते. दोन-तीन चमचे गेले. चौथा ओठांवरूनच परत आला. मी पुसलं. त्यांनी श्वास घेतला, नंतर बराच वेळ घेतला नाही, मग एकदा घेतला. मग नाही. बाहेर भर दुपार होती. शेजारची बाई भिंतीवर गोवऱ्या थापत होती. मी तिला हाक मारली.

दारव्ह्याला जाणाऱ्या जीपवाल्याजवळ निरोप दिला. नवरा ऊन उतरताना आला. रांग सोडून आला होता, गाडीत कापूस तसाच होता. तो आईजवळ बसला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. बायका बाजूला झाल्या. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "काही खाल्लं होतं का तिनं?"

"ताक," मी म्हटलं. "थोडंसं."

त्यानं मान हलवली. अंगणात बैल जुंपलेलेच उभे होते. सकाळपासून त्यांच्या मानेवर जू होतं. तो उठला, बाहेर गेला आणि त्यांना सोडू लागला.